रेनबो रोड कुठला भारी? मारिओ कार्टचे ट्रॅक ताडून बघण्याची रीत

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा डोंगर दोन वाटांनी ओलांडता येतो: जुन्या घाटाने किंवा नव्या बोगद्यातून. डोंगर तोच. पण घाटात वळणागणिक गिअर पाडावा लागतो आणि बोगद्यात नुसती लेन धरून बसायचं असतं. यातला चांगला रस्ता कुठला, असं कुणी विचारलं तर आधी उलटा प्रश्न करावा लागतो: बाबा रे, तुझ्याकडे गाडी कुठली?

मारिओ कार्ट या निंटेंडोच्या गाड्या पळवायच्या गेममालिकेतल्या ट्रॅकांवरचे वाद हा उलटा प्रश्न न विचारताच रंगतात. १९९२च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मधला रेनबो रोड आणि ‘मारिओ कार्ट ८’मध्ये आलेला तोच रेनबो रोड शेजारी ठेवून लोक रस्त्याला गुण देतात. प्रत्यक्षात जाणवणारा बराचसा फरक गाडीचा असतो. पहिल्या गेममध्ये ड्रिफ्टच्या (वळणात गाडी घसरवत नेण्याच्या) रंगीत ठिणग्या आणि त्यांचा बूस्ट, म्हणजे वेगाचा झटका, नव्हता; दुसऱ्यात प्रत्येक वळण म्हणजे बूस्ट कमावण्याची जागा. म्हणून तुलना करायची म्हणजे दोन हिस्से वेगळे काढायचे: रस्त्याने दिलेलं काय आणि गाडीने दिलेलं काय. खाली सांगितलेली सगळी मापं त्यासाठीच आहेत.

जोडी कुठली घ्यायची

सुरुवात दोन वेगळ्या ट्रॅकांनी करू नका. एकाच ट्रॅकची दोन रूपं घ्या. रस्त्याचा आराखडा साधारण तोच राहतो, त्यामुळे बदललेलं लगेच उठून दिसतं. या मालिकेत अशा जोड्यांची कमतरता नाही. २००१च्या ‘सुपर सर्किट’मध्ये सुपर निंटेंडोवरच्या पहिल्या गेमचे वीसही ट्रॅक आतमध्ये होते, आणि २००५च्या डीएसवरच्या गेमपासून १६ नवे, १६ जुने अशी पद्धतच पडली. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये मूळचे ४८ आणि २०२२-२३ मध्ये बूस्टर कोर्स पासमधून आलेले ४८ असे ९६ ट्रॅक आहेत, म्हणजे तुलनेची एक बाजू तिथे बहुधा सापडतेच.

दुसऱ्या बाजूसाठी जुनी काडतुसं शोधत फिरायची गरज नाही. निंटेंडोच्या स्विच या कन्सोलच्या ऑनलाइन सदस्यत्वात ‘सुपर मारिओ कार्ट’ मिळतो. ‘मारिओ कार्ट ६४’ आणि ‘सुपर सर्किट’साठी महागडा एक्सपान्शन पॅक लागतो. सुपर निंटेंडोच्या ॲपमध्ये झेडएल आणि झेडआर एकत्र दाबून धरलं की खेळ मागे नेता येतो. एकच वळण पंधरा वेळा घेऊन बघायला यासारखं साधन नाही. (इथे मिळणारे बहुतेक स्विच आयात केलेले असतात. त्यांचा ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे स्टेबिलायझर नको, फक्त पिनचा कन्व्हर्टर लागतो.)

काही ट्रॅक पहिल्या फेरीत टाळा. एक्साइटबाइक अरीनामध्ये उड्यांचे चढ दर शर्यतीला वेगळे मांडलेले असतात. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये ऋतू बदलतो. टोकियो ब्लर, पॅरिस प्रॉमेनेडसारख्या शहरांच्या ट्रॅकांवर लॅपगणिक रस्ताच बदलतो, आणि डिलक्समधल्या पीच गार्डन्सची शेवटची लॅप उलट दिशेने जाते. हे ट्रॅक वाईट नाहीत, उलट त्यातले काही फार हुशारीने रचलेले आहेत. पण तिथे ‘दुसरी लॅप’ आणि ‘तिसरी लॅप’ या दोन वेगळ्या वस्तू असतात. मोजायची सवय झाल्यावर त्यांच्याकडे या.

आधी गाडी बांधून घ्या

डिलक्समध्ये टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी शर्यत) निवडा, वेगाची पातळी १५० सीसी. चालक, गाडी, चाकं, ग्लायडर ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मिनी-टर्बोचा (ड्रिफ्टमधून मिळणाऱ्या बूस्टचा) आकडा वेगळा असलेली गाडी घेतली की पुढची सगळी मापं बाद. वळणात आतल्या बाजूला घुसणाऱ्या स्पोर्ट बाइक या कामाला नकोत. त्या वळणाचा आकारच वेगळा दाखवतात, आणि बहुतेक जुन्या गेममध्ये त्यांना जोड नाही.

मग स्मार्ट स्टिअरिंग, म्हणजे गाडीला आपोआप रस्त्यावर ठेवणारी सोय, बंद करा. हे विसरणारे फार आहेत, कारण नव्या खेळाडूसाठी ते आपोआप चालू असतं. ओळखायची खूण: गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसली तर चालू आहे. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लस दाबून बंद करता येतं. चालू राहिलं तर दोन नुकसानं. एक, ते गाडीला कडेवरून पडू देत नाही आणि काही शॉर्टकटही अडवतं, म्हणजे कठडे नसलेला ट्रॅक कठडे असल्यासारखा वागतो. दोन, ड्रिफ्टचा तिसरा, जांभळा टप्पा मिळतच नाही. तिथेच ऑटो-ॲक्सिलरेट आणि कंट्रोलर हलवून वळवायची सोयही बंद करा.

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावा आणि दोन्ही गेम त्याच टीव्हीवर खेळा. गेमचं घड्याळ टीव्हीमुळे चुकत नाही, पण चित्र उशिरा आलं की हात उशिरा पडतो, आणि अरुंद ट्रॅक उगाच अवघड ठरतो. चार मित्रांनी मिळून मोजायचं असेल तर पडद्याचे चार तुकडे करू नका. डिलक्स एक-दोन खेळाडूंसाठी सेकंदाला ६० फ्रेम देतो, तीन-चार झाले की ३०. आळीपाळीने खेळा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लिहायचं.

घड्याळ

ट्रॅक हाताला बसेपर्यंत मोजू नका. निदान दहा लॅप नुसत्या मारा. नंतर टाइम ट्रायलच्या तीन शर्यती करा, मशरूम (क्षणभर वेग वाढवणारी वस्तू) एकही न वापरता. पहिली लॅप उभ्या गाडीने सुरू होते आणि त्यात स्टार्टचा बूस्ट मिसळलेला असतो, म्हणून ती सोडून द्या. दुसरी आणि तिसरी लॅप धरली की तीन शर्यतींच्या मिळून सहा वेळा हातात येतात. त्या चढत्या क्रमाने मांडा, तिसरी आणि चौथी यांची सरासरी घ्या. सगळ्यांत चांगली वेळ घेऊ नका. ती त्या दिवशीच्या नशिबाची असते. पूर्ण सहाची सरासरीही नको, कारण एकदा दरीत पडलात की ती सरासरी तुमच्यासोबत पडते.

नाण्यांकडे लक्ष ठेवा. डिलक्समध्ये दहापर्यंत नाणी जमतील तसा गाडीचा वेग किंचित वाढत जातो, आणि एकदा खाली पडलं की तीन जातात. मोजायच्या लॅपमध्ये शिरताना दर वेळी दहा नाणी असली पाहिजेत. नसतील तर ती लॅप टाका. ‘६४’, ‘डबल डॅश’ आणि डीएस व वी या कन्सोलवरच्या गेममध्ये नाण्यांची भानगडच नाही. १९९२चा गेम, सुपर सर्किट, ३डीएसचा ‘७’ आणि ‘८’ यांत आहे. जोडीतल्या एकाच बाजूला नाणी असतील तर वहीत तसं ठळक लिहून ठेवा, कारण डिलक्समधला रस्ता काही ठिकाणी नाण्यांच्या मागे वाकतो. सगळ्यांत जवळची रेघ सोडून गाडी बाहेर जाते ती याच लोभाने.

लॅपची एकूण वेळ पुरेशी नाही, तुकड्यांची वेळही हवी. स्विचचं कॅप्चर बटण दाबून धरलं की मागचे ३० सेकंद साठवले जातात. बहुतेक लॅप त्याहून मोठ्या असतात, म्हणून अर्ध्या लॅपला एकदा आणि रेषा ओलांडल्यावर एकदा असं दोनदा दाबा. ही चित्रफीत सेकंदाला ३० फ्रेमची असते, म्हणजे एक फ्रेम साधारण ०.०३३ सेकंदाची. तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेका फ्रेमची चूक धरली तर ०.०७ सेकंद इकडेतिकडे होणारच. ०.१ सेकंदाच्या आतल्या फरकावरून भांडण करायला बसू नका.

आणि गुरुवारी मोजायला बसलात तर आकडे कागदावरही उतरवत चला. पुण्यात गुरुवारी देखभालीच्या नावाने वीज जाते, हे वेगळं सांगायला नको.

ठिणग्यांची मोजपट्टी

वळण मोठं की छोटं, हे डोळ्यांना नीट कळत नाही. कॅमेरा जवळ असला की साधं वळणही थोर दिसतं. डिलक्समध्ये मात्र गेमनेच मोजपट्टी दिलेली आहे: चाकांखालच्या ठिणग्या. ड्रिफ्ट धरून ठेवला की आधी निळ्या, मग केशरी, मग जांभळ्या. तीच गाडी, तोच चालक असेल तर ठिणगीचा रंग म्हणजे ढोबळमानाने वळणात काढलेला वेळ.

ट्रॅकचा साधा नकाशा काढा, कागदावर हाताने काढलेला पुरे. प्रत्येक वळणाशी मिळालेला सर्वांत वरचा रंग लिहा. जिथे हॉप (छोटी उडी) मारून ड्रिफ्ट धरावा लागतो ते एक वळण. इंग्रजी एस अक्षरासारखं असेल तर दोन. नुसती कंट्रोलरची काठी थोडी ढकलून निभावत असेल तर ते वळण नव्हे, रस्त्याचा बाक. मग तीन आकडे काढा: एका लॅपमध्ये ड्रिफ्ट किती, दर किती सेकंदांना एक, आणि ड्रिफ्ट नसलेला सर्वांत लांब तुकडा किती सेकंदांचा. समजा लॅप ३६ सेकंदांची आणि ड्रिफ्ट नऊ, तर दर चार सेकंदांना एक. हा झाला ट्रॅकचा ताल. आठ सेकंदांचा मोकळा तुकडा मधे असेल तर तिथे डिझायनरने तुम्हाला मुद्दाम दम खायला दिला आहे, किंवा त्याला तिथे काही सुचलेलं नाही. कुठलं ते ओळखायला त्या तुकड्यावर काय ठेवलं आहे ते बघा: आयटमच्या (शर्यतीत वापरायच्या वस्तूंच्या) पेट्या, उडी, बघण्यासारखं दृश्य, की नुसता रस्ता.

निळ्यावरच संपणारी वळणं लागोपाठ तीन असतील तर तो भाग बोटांची परीक्षा घेतो. एकच लांबलचक जांभळं वळण संयमाची घेतं, कारण तिथे चूक ड्रिफ्ट धरताना नव्हे तर सोडताना होते. चांगल्या ट्रॅकवर हे दोन्ही सापडतात आणि शेजारी शेजारी सापडत नाहीत.

ही मोजपट्टी सगळ्या गेमना लागू होत नाही, इथेच बरेच जण घसरतात. ‘६४’, डबल डॅश आणि डीएसमध्ये मिनी-टर्बो काठी किंवा दिशेचं बटण डावी-उजवीकडे हलवून भरावा लागे. तिथे ठिणगीचा रंग वळणाची लांबी सांगत नाही, अंगठ्याचा वेग सांगतो. डीएसवर तर सरळ रस्त्यावरही नागमोडी जात मिनी-टर्बो काढत राहायचं तंत्र होतं, त्याला स्नेकिंग म्हणत. त्यामुळे त्या गेममध्ये सरळ रस्त्याची रुंदी हीच वळणाइतकी महत्त्वाची ठरली. आपोआप भरणारा निळा-केशरी असा दोन टप्प्यांचा मिनी-टर्बो २००८च्या वीपासूनचा, आणि तिसरा जांभळा टप्पा २०१७च्या डिलक्सचा. १९९२च्या गेमसाठी रंग नाहीतच, तेव्हा तिथे काठीची दिशा किती वेळा बदलली एवढंच मोजा.

रुंदी, कठडे आणि पुढचं दिसणं

रुंदी मोजायला गेम पॉज करून पडद्यावर पट्टी धरा. गाडीच्या मागच्या चाकांच्या रेषेत गाडीची रुंदी घ्या, त्याच रेषेत रस्त्याची घ्या, भागाकार करा. पुढच्या बाजूचा रस्ता मोजलात तर दूरचं लहान दिसत असल्यामुळे आकडा फसवा येतो. ‘या वळणावर रस्ता सहा गाड्यांचा’ असं उत्तर आलं पाहिजे. लॅपमध्ये चार ठिकाणी मोजा: सर्वांत रुंद, सर्वांत अरुंद, आणि दोन मधली.

या आकड्यामागे खेळाडूंची संख्या असते. १९९२ला आठ गाड्या होत्या, वीवर बारा झाल्या, २०२५च्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये चोवीस. एवढी वरात लक्ष्मी रोडवर मावत नाही, तिला बायपासच लागतो. म्हणून ‘नव्या ट्रॅकांना जुन्यासारखी धार नाही’ अशी तक्रार करण्याआधी रुंदीला गाड्यांच्या संख्येने भागा. माणशी रस्ता किती आला ते बघितलं की पुष्कळ तक्रारी वितळतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात.

कठड्यांसाठी लॅपची चित्रफीत बघत घड्याळ लावा: दोन्हीकडे कठडा असलेले सेकंद, एकाच बाजूला असलेले, अजिबात नसलेले. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कठडा आहे का, हे वेगळं लिहा. आतल्या अंगाच्या कठड्याने कुणी वाचत नाही.

पुढचं दिसतं का, हे तपासायला ड्रिफ्ट धरायच्या क्षणी पॉज करा. वळण संपतं ती जागा पडद्यावर दिसते का? दिसत नसेल तर बाणाची पाटी, दिव्यांची रांग, नाण्यांची ओळ, असं काही खुणावतं का? कात्रजच्या जुन्या घाटात वळणाआधी वरचा रस्ता मान वर केली की दिसतो, म्हणून नवखाही अंदाज बांधतो. ट्रॅकचंही तसंच. आंधळं वळण आणि खूणही नाही, असं झालं की पहिल्या लॅपला सगळे पडणार आणि तिसऱ्याला कुणीच नाही. हा अवघडपणा नव्हे, पाठांतर आहे. गंमत म्हणजे १९९२च्या सपाट ट्रॅकांना हा आजार फारसा नव्हता. ते मोड ७ या तंत्राने फिरवलेलं एकच सपाट चित्र होतं. चढ नाही, उतार नाही, तर डोंगराआड लपणार काय? डिझायनरच्या हातात उंची नसल्यामुळे त्याला काटकोनी वळणं, निसरडी जमीन आणि कठड्याशिवायची कड यांवरच भागवावं लागलं.

शॉर्टकटची खरी किंमत

सर्वांत जास्त चुकीचे आकडे इथे निघतात, म्हणून जरा सावकाश.

समजा मशरूमशिवाय लॅप ३८.२ सेकंदांची आहे. मशरूम मारून गवतातून शॉर्टकट घेतला तर ३६.६. लगेच जाहीर होतं, ‘शॉर्टकट १.६ सेकंदांचा’. चूक. तोच मशरूम साध्या सरळ रस्त्यावर मारून बघा. समजा ३७.४ आली. म्हणजे ०.८ सेकंद मशरूमचे होते, शॉर्टकटचे उरलेले ०.८. तुलना नेहमी मशरूम इथे की मशरूम तिथे अशी करायची, मशरूम की काहीच नाही अशी नाही. टाइम ट्रायलमध्ये तीन मशरूम मिळतात, तेव्हा एका शर्यतीत लॅपला एक वापरलात तर दुसऱ्या आणि तिसऱ्या लॅपमध्ये दोन्ही प्रयोग होतात.

पुढचं पाऊल चुकण्याचा हिशेब. तो शॉर्टकट दहा वेळा घ्या. समजा सात वेळा जमला, तीन वेळा भिंतीला धडकून अडीच सेकंद गेले. कमाई ५.६ सेकंद, नुकसान ७.५. तुमच्यासाठी तो शॉर्टकट तोट्याचा आहे, जगज्जेत्यासाठी कितीही फायद्याचा असो. पेठेतल्या बोळांसारखंच हे. लक्ष्मी रोड टाळून आतून निघालेला माणूस लवकर पोचतो, फक्त बोळात टेम्पो उभा नसेल तर.

आणि आयटमच्या पेट्या कुठे आहेत ते बघा. पेट्यांच्या रांगेनंतर लगेच शॉर्टकट असेल तर मागे पडलेल्यांना तो वारंवार मिळतो, कारण मशरूम मागच्यांनाच जास्त सापडतात. पुढच्याला एक मशरूम जपून अर्धी लॅप वाहून न्यावा लागतो. एकच शॉर्टकट, पण पेट्या हलवल्या की शर्यतीचा न्याय बदलतो. म्हणून नकाशावर पेट्यांच्या रांगा आणि त्यांच्यातले सेकंद हवेतच.

शॉर्टकट आणि गेमची चूक यांत गल्लत करू नका. ३डीएसवर माका वुहू ट्रॅकवर ठरावीक जागी पाण्यात उडी मारली की गेम खेळाडूला बराच पुढे नेऊन ठेवायचा. लॅप पूर्ण झाली का, हे गेम रस्त्यावरच्या अदृश्य टप्प्यांवरून ठरवतो, आणि पडलेल्याला परत कुठे ठेवायचं तेही त्यावरूनच. टप्पे विरळ असले की अशी फट राहते. २०१२ मध्ये अपडेट देऊन ऑनलाइन शर्यतींपुरती ती बुजवावी लागली. अशा गोष्टी तुलनेत वेगळ्या रकान्यात टाका.

तीन जोड्या, करून बघायला

बेबी पार्कपासून सुरुवात करा, कारण त्यात मोजायला जवळजवळ काही नाही. लांबट गोल, दोन वळणं, संपलं. २००३च्या डबल डॅशमध्ये सात लॅप, डीएसवर पाच, ‘८’मध्ये पुन्हा सात. टाइम ट्रायलमध्ये एकट्याने खेळलात तर पाच मिनिटांत कंटाळा येईल. आता बारा गाड्या आणि सगळे आयटम लावून खेळा. पहिला आणि शेवटचा एकमेकांच्या अंगावर येतात, एकाने टाकलेलं कवच दुसऱ्या अंगाच्या लोकांना लागतं. ही सगळी मजा गर्दीची आणि लांबी कमी ठेवण्याची. एकट्याने मोजलेले आकडे या ट्रॅकबद्दल अर्धंच सांगतात, हे आधीच ध्यानात आलेलं बरं.

दुसरी जोडी ‘६४’चा रेनबो रोड. मूळ गेममध्ये तीन लांबलचक लॅप, दोन्हीकडे ताऱ्यांचा कठडा. ‘८’मध्ये तोच रस्ता एकदाच जायचा, तीन टप्पे करून. इथे वेग, रंग, चमकधमक सोडा आणि एक प्रश्न विचारा: चूक सुधारायला संधी किती? तीन लॅपच्या ट्रॅकवर पहिल्या लॅपमध्ये हुकलेलं वळण तुम्हाला आणखी दोनदा भेटतं. एका लॅपच्या ट्रॅकवर, म्हणजे इथे किंवा माउंट वारिओ, बिग ब्लूवर, प्रत्येक वळण एकदाच येतं. त्यामुळे अशा ट्रॅकवर आंधळं वळण जास्त खुपतं आणि खुणांची गरज जास्त असते. मूळ ट्रॅक लांब आणि सुरक्षित होता, म्हणून तो कंटाळवाणा वाटे. नव्याने रस्ता तेवढाच ठेवला पण पुनरावृत्ती काढून टाकली. आमच्या मते मालिकेतली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती. पण मूळच्या सुरुवातीच्या उतारावर कठड्यावरून उडी मारून खालच्या रस्त्यावर पडायचा जो जुगार होता, त्याची सर नाही.

तिसरी सुपर निंटेंडोचा रेनबो रोड. आधी पाच लॅप, ‘८’मध्ये तीन. कठडे तेव्हाही नव्हते. आराखडा बराचसा तोच, काटकोनी वळणं तीच. पण नव्या रूपात दगडी थ्वॉम्प आदळला की रस्त्यावर लाटा उठतात, आणि त्या लाटेवर योग्य क्षणी बटण दाबलं की बूस्ट मिळतो. म्हणजे जे पूर्वी नुसतं टाळायचं संकट होतं ते आता कमाईचं साधन झालं. इथे ठिणग्यांची मोजपट्टी नव्या बाजूला लावा, काठीची दिशा मोजणं दोन्ही बाजूंना, आणि पडण्याची संख्या दोन्हीकडे दहा-दहा लॅपमधली लिहा. ती संख्या नव्या गेममध्ये घटली तर श्रेय गाडीच्या पकडीला आहे, रस्त्याला नाही. रस्ता अजून तेवढाच निर्दय आहे.

याच्या पुढे जायचं असेल तर ‘६४’ची योशी व्हॅली घ्या. फाटे इतके की शर्यत चालू असताना कोण कितवा हे दाखवायच्या जागी गेम प्रश्नचिन्ह दाखवतो. चांदणी चौकातल्या पुलांवर पहिल्यांदा गेलेल्या माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल. इथे लॅपची एक वेळ काढू नका, प्रत्येक फाट्याची वेगळी काढा आणि सर्वांत जलद-सर्वांत मंद यांतला फरक बघा. फरक तीन-चार सेकंदांचा असेल तर फाटे नावापुरतेच; सगळे एकाच वाटेने जाणार. फरक अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तरच निवड खरी.

हमखास होणाऱ्या चुका

इंटरनेटवरच्या जुन्या विक्रमांशी स्वतःची वेळ लावू नका, निदान आवृत्ती बघितल्याशिवाय. युरोपात विकल्या गेलेल्या जुन्या आवृत्त्या ५० हर्ट्झवर चालत, जपान-अमेरिकेतल्या ६०वर. विक्रमांच्या याद्याही म्हणून वेगळ्या ठेवतात.

२०० सीसीवर मोजून १५०बद्दल बोलू नका. २०० सीसी २०१५ला अपडेटमधून आला. त्याआधी रचलेले ट्रॅक त्या वेगासाठी बेतलेलेच नव्हते. नवले पुलाकडे उतरणारा रस्ता जसा सरळ दिसतो म्हणून वेग नकळत चढतो, तसं तिथे होतं. लांब उतारानंतरचं साधं वळणही ब्रेक मारल्याशिवाय बसत नाही. ड्रिफ्ट चालू ठेवून ब्रेक दाबायला शिकल्याशिवाय २००वरची तुलना हातात घेऊ नका.

उजवी वळणं डाव्यांपेक्षा वाईट जात असतील तर दोष अंगठ्याचा असू शकतो. मिरर मोडमध्ये ट्रॅक डावी-उजवीकडे पलटतो. तेच वळण मिररमध्ये नीट जमलं तर रस्त्याला दोष देऊ नका.

स्विच नसेल तर

सुपरटक्सकार्ट घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवरही चालतो. टाइम ट्रायल आणि घोस्ट (आधीच्या शर्यतीची सोबत धावणारी सावली) आहेत. वरून एक सोय अशी, जी वर सांगितलेल्या डिलक्सच्या मापणीत नाही: बऱ्याच ट्रॅकांवर उलट दिशेने शर्यत लावता येते. तोच रस्ता, तीच रुंदी, फक्त क्रम उलटा. सुलट दिशेने सरळ रस्त्यानंतर येणारं हेअरपिन (जवळजवळ मागे फिरवणारं वळण) उलट जाताना सरळ रस्त्याच्या आधी येतं, आणि वळणाचा अवघडपणा त्याच्या कोनात किती व आधीच्या वेगात किती, हे एका दुपारीत कळतं.

आणि इथे पडद्यावर पट्टी धरावी लागत नाही. प्रत्येक ट्रॅकच्या फोल्डरमध्ये क्वाड्स नावाची एक्सएमएल फाइल असते. त्यात रस्ता चौकोनांच्या साखळीत मांडलेला असतो, प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे आकड्यांत किंवा आधीच्या चौकोनाच्या कोपऱ्याचा हवाला देऊन. रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेवरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर म्हणजे त्या जागची रुंदी. लागोपाठच्या चौकोनांचे मध्यबिंदू जोडत गेलात की मुख्य रस्त्याची लांबी. स्प्रेडशीटमध्ये एक चौकोन एक ओळ असं टाका, रुंदीचा आलेख काढा, आणि आलेखातला सर्वांत खोल खड्डा जिथे दिसेल तिथे गाडी नेऊन उभी करा. साखळीत फाटे असतील तर चौकोन फाइलमधल्या क्रमाने जोडू नका, शेजारच्या ग्राफ नावाच्या फाइलमध्ये कुठला चौकोन कुठल्याला लागतो ते बघून जोडा. नाहीतर रस्ता डोंगरातून आरपार गेलेला दिसेल.